‘अभ्यासाला बस’ म्हणजे नेमकं काय कर?

दिवे लागले की मराठी घरांतून एक हाक हमखास ऐकू येते: ‘अभ्यासाला बस.’ या हाकेतलं क्रियापद बघा. पोहायला शिकणाऱ्याला आपण पाण्यात उतर म्हणतो. तबला शिकणाऱ्याला हात चालव म्हणतो, पोळ्या शिकणाऱ्याला लाटून बघ म्हणतो. अभ्यास करणाऱ्याला मात्र नुसतं बस म्हणतो. मूल बसतं. टीव्हीचा आवाज खाली येतो, कुणी आलं तर ‘हळू बोला, तिचं दहावीचं वर्ष आहे’ असं सांगितलं जातं. दोन तासांनी आई विचारते, ‘झाला का?’ आतून उत्तर येतं, ‘झाला.’ त्या दोन तासांत काय झालं हे विचारणारीला ठाऊक नसतं, आणि बऱ्याचदा उत्तर देणारीलाही नसतं.

बसायचं कसं, हे आपण मुलांना दहा-बारा वर्षं शिकवतो. बसल्यावर काय करायचं, हे एक तासभरही शिकवत नाही. ही गोष्ट मुलाच्या स्वभावाची किंवा घरच्या शिस्तीची आहे असं आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते हे काम शाळेचं आहे आणि शाळा ते करत नाही.

गेल्या दिवाळीत कऱ्हाडला बहिणीकडे गेलो होतो. भाची दहावीत. सकाळी फराळ झाल्यावर ती इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली ती जेवणाची वेळ होईपर्यंत उठली नाही. पहिला पाठ, ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको, सगळी मंडळी पाच-सहा पानांत दाटीवाटीनं बसवलेली. मी पुस्तक हातात घेतलं तर पानं तीन रंगांत न्हालेली. पिवळं म्हणजे महत्त्वाचं, गुलाबी म्हणजे खूप महत्त्वाचं, आणि हिरवं म्हणजे बाईंनी सांगितलेलं. पांढरी राहिली होती ती फक्त शीर्षकं.

‘तीनदा वाचलाय मी हा धडा, मामा.’

‘बरं. मग पुस्तक मिटून सांग. हेगेलचा द्वंद्ववाद म्हणजे काय?’

ती वर बघायला लागली. छताकडे. मग म्हणाली, ‘डाव्या पानावर आहे. खालच्या बाजूला. गुलाबी केलंय मी ते.’

तिला जागा आठवत होती, रंग आठवत होता. तिथं काय लिहिलंय ते आठवत नव्हतं. आणि ती खोटं बोलत नव्हती. धडा तिनं खरंच तीनदा वाचला होता. पोर आळशी नाही, मोबाइलवर नव्हती (मोबाइलबद्दल मी इथं काही लिहिणार नाही, त्यावर रोज कुणीतरी लिहितंच). तिनं अडीच तास प्रामाणिकपणे घालवले होते आणि त्या अडीच तासांचं तिच्या हाती काय आलं, तर पानावरचा पत्ता.

तिच्यावर हसायचा मला अधिकार नाही. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी दोन वर्षं आणि वर काही महिने काढले आहेत. राज्यसेवेची तयारी. प्लायवूडचं पार्टिशन घातलेली अडीच फुटांची जागा, एक बल्ब, एक प्लग, समोर चिकटवलेलं वेळापत्रक, आणि पंखा कुणाच्या डोक्यावर यावरून महिन्याला एक भांडण. तिथलं चलन होतं तास. रात्री मेसवर भेटलो की पहिला प्रश्न, ‘आज किती झाले?’ कुणी म्हणायचं नऊ, कुणी अकरा. एक जण चौदा सांगायचा आणि त्याच्याकडे आम्ही संताकडे बघावं तसं बघायचो. माझ्याही वहीत मागच्या पानावर तासांचा तक्ता होता, बारा तासांच्या दिवसाभोवती लाल गोल. काय आलं, असं त्या दोन वर्षांत कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. प्रगती मोजायची ती रीडिंगमध्ये: ‘पॉलिटीचं (म्हणजे राज्यव्यवस्थेचं) चौथं रीडिंग चालू आहे.’

चौथ्या रीडिंगला पुस्तक फार सोपं वाटतं. वाक्य अर्धं वाचलं की उरलेलं आपोआप येतं. आपल्याला वाटतं, आलं. मग पूर्वपरीक्षेच्या हॉलमध्ये चार पर्याय समोर येतात आणि चारही ओळखीचे वाटतात. तोच घात. चार वेळा वाचल्यानं आमची त्या शब्दांशी ओळख झाली होती. एखादा माणूस रोज बसस्टॉपवर दिसतो, तेवढीच. त्याचं नाव काय म्हटलं तर सांगता येत नाही.

ओळखणं आणि आठवणं यांतला हा फरक कुणा बुवाच्या प्रवचनातला नाही. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटानं उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, समोर उतारा नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. चारदा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहून काढणाऱ्यांकडे ६१. यातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. आठवड्यानं तुम्हाला किती आठवेल असं आधी विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री होती ती नुसत्या वाचणाऱ्यांनाच. म्हणजे फसवी पद्धत फसवतेच, वर पाठही थोपटते. मेसवर ‘अकरा झाले’ म्हणताना वाटायचं ते समाधान हेच असणार.

‘वाच, वाच, परत वाच’ असं सांगणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हे आकडे दाखवतो. बहुतेक जण म्हणतात, ‘अहो पण आमचा वाचतच नाही, त्याचं काय?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही.

२०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात स्पर्धापरीक्षेची मुलं रस्त्यावर उतरली होती. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्याय निवडण्याऐवजी वर्णनात्मक करायचं ठरवलं होतं, आणि ते २०२५ पर्यंत पुढे ढकला, अशी मागणी होती. आयोगानं ती मान्य केली. ज्यांची तीन-चार वर्षं जुन्या पद्धतीवर गेली होती त्यांचा राग मला समजतो. मधेच खेळाचे नियम बदलले तर कुणीही ओरडेल. पण त्या आंदोलनाच्या पोटात एक गोष्ट होती जिच्यावर कुणी फारसं बोललं नाही. चार पर्यायांतून उत्तर ओळखायची सवय झालेल्या माणसाला कोऱ्या पानावर ते स्वतः मांडायला सांगितलं की नुसता अभ्यासक्रम बदलत नाही, अभ्यास या शब्दाचा अर्थच बदलतो. त्या मुलांना तो दुसरा अर्थ शाळेत, कॉलेजात, क्लासमध्ये, कुठंच कुणी शिकवलेला नव्हता. पंचविसाव्या वर्षी, घरून पैसे मागवत, तो शिकायची वेळ त्यांच्यावर आली.

इथं एक गैरसमज लगेच होतो. मी पाठांतराच्या विरोधात बोलतोय असं लोकांना वाटतं आणि ‘बरोबर आहे, घोकंपट्टी बंद झाली पाहिजे’ म्हणून ते मान डोलावतात. मी त्यांच्या बाजूचा नाही.

माझी आजी चौथी शिकलेली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अपूर्णांकांचे हे सगळे पाढे तोंडावर. दारात भाजीवाली उभी असताना सव्वादोन किलोचे पैसे ती बोलता बोलता सांगायची. संध्याकाळी परवचा म्हणून झाला की आमची सुटका, असं आम्हाला वाटायचं. पण तिची खरी परीक्षा जेवताना असायची. पानात भात वाढता वाढता विचारायची, ‘सात आठे?’ धाकटा भाऊ तोंडातल्या तोंडात सुरू करायचा: सात एके सात, सात दुणे चौदा... आजी म्हणायची, ‘जिना चढून नको येऊस. उडी मार.’

पाढा चालीत म्हणता येणं आणि मधलाच आकडा विचारल्यावर सांगता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत हे तिला कुणा मानसशास्त्रज्ञानं सांगितलं नव्हतं. पुढे कळलं की वेदपाठातही मूळ संहितेवर थांबत नसत. जटा, घन अशा पाठांत तेच शब्द पुढून-मागून, जोड्या उलटवून म्हणवून घेत, म्हणजे चाल पुढे आणि आपण तिच्यामागे असं व्हायला नको. (ती विद्या कुणाला उंबऱ्याच्या आत घेत होती आणि कुणाला नाही, हा वेगळा आणि फार मोठा प्रश्न आहे. तो बाजूला सारून कुणी जुन्याचे गोडवे गाऊ लागलं की मला संशय येतो.) मुद्दा एवढाच की घोकंपट्टी या एका शिवीखाली आपण दोन गोष्टी एकत्र पुरल्या. पुस्तक उघडं ठेवून तेच ते बडबडणं ही एक, आणि पुस्तक मिटून डोक्यातून ओढून काढणं ही दुसरी. पहिली गेली असती तर चांगलंच होतं. गंमत अशी की दुसरी गेली आणि पहिली राहिली, फक्त तिच्या हातात आता हायलायटर आला.

लातूर पॅटर्नचंही असंच. तो म्हटला की पुण्या-मुंबईकडची माणसं नाक मुरडतात: मुलांचा रस काढणारा कारखाना वगैरे. त्यातल्या दडपणाबद्दलची टीका मला मान्य आहे. पण त्या पॅटर्नच्या गाभ्याशी होत्या त्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या चाचण्या, आणि तेवढ्यापुरतं तिथल्या मास्तरांना जे उमगलं होतं ते आपल्या कित्येक नामांकित शाळांना अजून उमगलेलं नाही.

एका बैठकीत न उरकता मधे दिवस जाऊ देणं, म्हणजे काळाचं अंतर, हा या रीतीचा दुसरा भाग, तो थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत असतो आणि कुणीच पाळत नाही. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच वर्षानुवर्षं प्रयोग करून १८८५ साली पुस्तक काढलं. अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा. एका दिवसात ओळीनं ६८ वेळा म्हणून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यावरही साधलं, असं त्याला आढळलं. जवळजवळ निम्म्या मेहनतीत तेच काम. बी.एड.च्या शैक्षणिक मानसशास्त्रात स्मरण-विस्मरणाचं प्रकरण असतं, त्यात हा गृहस्थ आणि त्याचा विस्मरणाचा आलेख भेटतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं मला हसत सांगितलं, ‘तो आलेख मी परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केला होता.’

आता पाठ्यपुस्तकांतल्या कोऱ्या पानांची गोष्ट. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून राज्य सरकारनं मार्च २०२३ मध्ये तिसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत वहीची पानं घालायचं ठरवलं. २०२३-२४ पासून तशी पुस्तकं आली. धड्याच्या मधे कोरी पानं, वर ‘माझी नोंद’. वर्गात शिकताना मुलानं आपल्या शब्दांत काहीबाही टिपावं, अशी कल्पना. जानेवारी २०२५ मध्ये ती योजना गुंडाळली. कारण? मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली आणि दप्तर काही हलकं झालं नाही.

मधल्या काळात या पानांवर पुष्कळ वाद झाला. कागदाचा खर्च किती, पुस्तक किती जाड झालं, दप्तर किती ग्रॅमनं उतरलं. तराजूच्या दोन्ही पारड्यांत कागदच. ‘माझी नोंद’ म्हणजे मुलानं करायचं काय, ती कशी करायची, हे त्याला कोण शिकवणार, यावर मला एक धड लेखही दिसला नाही. माझी भाची तेव्हा आठवीत होती. तिचं त्या वर्षीचं पुस्तक माळ्यावरून काढून मी बघितलं. काही पानांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरं जशीच्या तशी उतरवलेली. एका पानावर गुलाबाचं फूल, बऱ्यापैकी जमलेलं. एका ठिकाणी गणपतीला आणायच्या सामानाची यादी, बहिणीच्या अक्षरात. बाकी पानं कोरी. कल्पना वाईट नव्हती. किंबहुना गेल्या कित्येक वर्षांत सरकारी पुस्तकात शिरलेली ती सर्वांत चांगली जागा होती, कारण तिथं पहिल्यांदाच छापलेलं काही नव्हतं. पण ज्या मुलाला टिपण हा शब्द ‘फळ्यावरचं उतरवून घे’ एवढ्याच अर्थानं माहीत आहे, त्याच्यासमोर कोरं पान ठेवलं तर तो त्यावर फळाच उतरवणार. आपण त्याला विहीर दिली, पोहरा दिला नाही, आणि दोन वर्षांनी पाणी निघत नाही म्हणून विहीर बुजवून टाकली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये, मुलांनी नुसतं शिकू नये तर कसं शिकायचं हेही शिकावं, अशा अर्थाचं वाक्य आहे. धोरणातली वाक्यं अशीच असतात, त्यांच्याशी भांडता येत नाही. ते सोमवारी सकाळी दुसऱ्या तासाला आठवी ब मध्ये कसं दिसतं, हे मला कुणी दाखवलेलं नाही.

ही पोकळी रिकामी राहत नाही. शाळा सांगत नाही म्हटल्यावर बाजार सांगतो. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी कोणत्या जातीची ते सांगणारे आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे मिडब्रेनवाले येऊन गेले, त्यांना अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आव्हान दिलं म्हणून थोडा आळा बसला. त्यातल्या त्यात सभ्य दिसणारी भानगड म्हणजे ‘तुमचं मूल बघून शिकणारं आहे की ऐकून शिकणारं’ हे ठरवून देणं. २००८ साली पॅशलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावरचं सगळं संशोधन तपासलं तेव्हा अशा वर्गवारीनुसार शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नव्हता. तरी एका नातेवाइकानं परवा मला अभिमानानं सांगितलं की त्यांचा नातू ऑडिटरी आहे. नातू शेजारीच बसला होता, आजोबांचं काही ऐकत नव्हता.

गणिताकडे जरा जास्त वेळ थांबतो, कारण तिथं दोष नुसता मुलांच्या सवयीत नाही, पुस्तकाच्या मांडणीतही आहे. दहावीचा गणित भाग दोन घ्या. समरूपता, मग पायथागोरसचं प्रमेय, पुढे त्रिकोणमिती. प्रत्येक प्रकरणात सरावसंच, शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह. पण हा संकीर्ण संग्रहही त्याच प्रकरणापुरता. भिंतीला टेकवलेली शिडी पायथागोरसच्या प्रकरणात आली की मुलाला विचार करायचं कारणच नाही. धडा पायथागोरसचा आहे म्हणजे कर्णाचा वर्ग. तीच शिडी त्रिकोणमितीत आली की गुणोत्तरं. भाची सरावसंचातली सगळी गणितं सोडवते. मी तिन्ही प्रकरणांतली दोन-दोन उदाहरणं एका कागदावर, कुठली कुठून हे न सांगता, उतरवून दिली तर पेन तोंडात घालून बसली. ‘पण हे कुठल्या धड्यातलं आहे ते सांग ना,’ म्हणाली. बोर्डाची प्रश्नपत्रिका ते सांगत नाही. तिला रीत येत होती; कधी कुठली लावायची, हे कधी विचारलंच गेलं नव्हतं.

रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये नेमकं हेच तपासलं, घनाकृतींच्या घनफळांवर. एका गटानं एकेका आकाराची गणितं ओळीनं सोडवली, दुसऱ्यानं सरमिसळ. सराव चालू असताना ओळीनं सोडवणारे ८९ टक्क्यांवर, सरमिसळवाले ६० वर. आठवड्यानं परीक्षेत ओळीनं सोडवणारे २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ वर टिकले. पुस्तक बदलायला समिती लागते हे मान्य. पण आठवड्यातून एकदा फळ्यावर वेगवेगळ्या प्रकरणांतली चार गणितं लिहायला कुठली समिती लागते?

आता आक्षेप. पहिला, जो मला सर्वांत गंभीर वाटतो: हे सगळं वेगळी खोली असलेल्यांसाठी आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, रात्री शिवणाचं मशिन चालू, अशा घरात अभ्यासाच्या पद्धती कसल्या सांगता? जागेचा प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच वस्तीतल्या अभ्यासिका आणि रात्रशाळा यांचं मोल मी कमी लेखणार नाही. पण नीट बघा, जागा कमी, वेळ कमी, त्याच मुलाला पाऊण तासात काम करून देणारी रीत जास्त हवी आहे. तीन तास वाचत बसणं ही चैन खोली असलेल्यालाच परवडते. पुस्तक मिटायला वीज लागत नाही. पाणी भरायच्या रांगेत उभं राहून कालचा धडा मनात मांडता येतो. हायलायटर तिथं चालत नाही. शिवाय शाळेनं ही रीत शिकवली नाही तर ती कुणाला मिळते? ज्याच्या घरात आधी कुणी शिकलेलं आहे त्याला. माझ्या भाचीला मामा होता. ज्यांना नाही त्यांची जबाबदारी कुणाची?

दुसरा आक्षेप भाचीचाच. ती म्हणाली, ‘मामा, बाईंनी अपेक्षित प्रश्न दिलेत. तेवढे पाठ केले तर मार्क पडतात. मग मी हेगेल कशाला समजून घेऊ?’ याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. परीक्षा जर गाइडातलं वाक्य जसंच्या तसं मागत असेल तर ते वाक्य पाठ करणारं मूल मूर्ख नाही, हिशेबी आहे. अशा परीक्षेला अभ्यासाच्या चांगल्या सवयी लावायला जाणं म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत मोटार नेण्यासारखं. प्रश्नपत्रिका बदलत नाहीत तोवर माझं अर्धं म्हणणं हवेत राहणार हे मला कळतं. उरलेलं अर्धं मात्र राहत नाही, कारण पाठ करायचं म्हटलं तरी ते मिटलेल्या पुस्तकानंच लवकर होतं.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या भरणं, एका वर्गात साठ मुलं. त्यात हे नवं कुठं बसवायचं? म्हणूनच मला अध्ययन-कौशल्ये नावाचा नवा विषय नको आहे. तो आला की त्याचं पुस्तक येईल, पुस्तकामागून गाइड येईल, वीस गुणांची तोंडी परीक्षा येईल, आणि ‘प्रभावी अभ्यासाचे पाच फायदे लिहा’ या प्रश्नाचं उत्तर मुलं आदल्या रात्री रंगवत बसतील. माझी मागणी त्याहून खूप लहान आहे. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं. पुस्तकं बंद. कागदावर, काल या तासाला काय झालं आणि गेल्या आठवड्यात काय झालं होतं, आठवेल तेवढं लिही. मग पुस्तक उघड आणि काय राहिलं ते स्वतःच बघ. कागद गोळा करायचे नाहीत, तपासायचे नाहीत, गुण तर अजिबात द्यायचे नाहीत. गुण आले की मुलं शेजारच्याच्या कागदात बघणार आणि पालक पाच मिनिटांचा क्लास लावणार. विसरलं तरी चालतं अशी ही दिवसातली एकच जागा असावी, कारण विसरलेलं ओढून काढताना जो त्रास होतो तोच तर अभ्यास. एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकानं मनावर घेतलं तर त्याला जीआरची वाट बघावी लागत नाही.

आणि घरी? घरी विचारणारा विद्वान असावा लागत नाही. दिवाळी संपून मी निघालो तेव्हा भाचीला एवढंच सांगितलं होतं की धडा वाचून झाला की पुस्तक आजीच्या हातात दे. आजी म्हणजे तिच्या वडिलांची आई, सातवी झालेल्या, चष्मा लावून मोठी अक्षरं वाचतात. हेगेल कोण हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. त्या नुसतं पुस्तक धरून बसतात आणि पोरगी सांगत असते. पुस्तकात आहे ते तिच्या बोलण्यात आलं नाही की त्या बोट ठेवून म्हणतात, ‘इथं अजून काहीतरी आहे बघ.’

महिन्याभरानं रात्री साडेनऊला फोन आला. मागे कुकरची शिट्टी, बहीण कुणावर तरी ओरडत होती. भाचीनं नमस्कार-चमत्कार काही न करता थेट सुरू केलं. देकार्त झाला, व्हॉल्टेअर झाला, हेगेलला तिनं चांगलं-वाईटचं उदाहरण दिलं, रांकेला मूळ कागदपत्रं दिली, मार्क्सला वर्गसंघर्ष दिला. मग थांबली. बराच वेळ.

‘एक जण राहिला,’ म्हणाली. ‘सांगू नकोस हं, मामा. फोन ठेवू नकोस आणि सांगूही नकोस.’